प्रत्येकाची बारी येणारा खेळ : बेसबॉल आणि आपली शाळा



दरवर्षी पावसाळा सुरू झाला की शालेय क्रीडा स्पर्धांचं पत्रक येतं. त्यात खेळांची भलीमोठी यादी असते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा ही नावं आपण थांबून वाचतो. खाली कुठेतरी सॉफ्टबॉल आणि बेसबॉल ही नावंसुद्धा असतात. ती आपण वाचतो आणि पुढे सरकतो. "हा अमेरिकेतला खेळ, आपल्या वाशीमला कोण खेळतं?" असं मनात येतं. पालकांना तर हा खेळ यादीत आहे हेच बऱ्याचदा माहीत नसतं.

आजच्या लेखात हा खेळ समजून घेऊ. मोठ्या शहरांमध्ये मुलांसाठी बेसबॉलचे संघ कसे चालतात, त्यात काय चांगलं झालं आणि काय बिघडलं, तेही पाहू. कारण मला या खेळात आपल्या प्राथमिक शाळेच्या एका जुन्या दुखण्यावर उपाय दिसतो. दुखणं असं : समजा वर्गात ४० मुलं आहेत. केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी कबड्डीचा १२ जणांचा संघ निवडला. आता उरलेली २८ मुलं काय करतात? टाळ्या वाजवतात, चपला सांभाळतात, नाहीतर घरी जातात. त्यातलं एखादं पोरगं रोज येऊन विचारतं, "सर, मले बी घ्या ना." त्याला आपण म्हणतो, "पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षीही तेच बाराजण खेळतात. कारण सराव त्यांचाच झालेला असतो.

बेसबॉल म्हणजे नेमकं काय?

क्रिकेट माहीत असलेल्याला बेसबॉल समजायला दहा मिनिटं पुरतात. आणि लहानपणी गिल्ली-दांडू खेळलेल्याला तर पाचच मिनिटं. मारलेली गिल्ली हवेत झेलली की गडी बाद, हा नियम बेसबॉलमध्येही आहे. बाकीचं असं :

- एका संघात ९ खेळाडू असतात. एक संघ फलंदाजी करतो, दुसरा क्षेत्ररक्षण.
- मैदानाच्या एका कोपऱ्यात चौरस आखलेला असतो. फलंदाजाच्या जागेवरून तो हिऱ्यासारखा तिरपा दिसतो. त्याच्या चार कोपऱ्यांना चार बेस : होम, पहिला, दुसरा आणि तिसरा. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर असतं.
- चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो १८.४४ मीटरवरून चेंडू फेकतो. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. फलंदाजाच्या मागे बसून तो पकडणारा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षकच.
- योग्य पट्ट्यातून आलेला चेंडू सोडला किंवा मारताना हुकला तर तो एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. पिचरने पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो.
- चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळायचं. चारही बेसना ओळीने पाय लावून होमला परत आलं की एक धाव.
- झेल घेतला, किंवा धावणारा पोहोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला, किंवा बेस सोडलेल्या खेळाडूला चेंडू लावला, तर बाद.
- तीन जण बाद झाले की संघ बदलतात. दोन्ही संघांची फलंदाजी झाली की एक डाव पूर्ण. असे ९ डाव. लहान मुलांच्या लिटल लीग स्पर्धेत ६ डाव आणि बेसमधलं अंतर १८.२९ मीटर.

सॉफ्टबॉल हा याचाच भाऊ. त्यात चेंडू मोठा असतो, पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकतो, मैदान लहान असतं आणि डाव ७ असतात.

क्रिकेटपेक्षा मोठा फरक कुठे आहे?

क्रिकेटमध्ये एकदा बाद झालं की त्या डावापुरता विषय संपला. आणि वरचे फलंदाज टिकले तर खालच्यांच्या हाती बॅट येतच नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९. हा विक्रम सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वेळी पॅड बांधून पुढचा फलंदाज बसला होता, तो शेवटपर्यंत बसूनच राहिला. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून जास्त धावा केल्या, तरी भारतीय संघात त्यांना एकदाही जागा मिळाली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते.

मुझुमदार टिकले, कारण त्यांच्यात ती जिद्द होती आणि त्यांच्याभोवती मुंबईची मैदानं, शाळांच्या स्पर्धा आणि क्लब होते. आपल्या शाळेत पॅड बांधून बसलेलं पोरगं एवढं थांबत नाही. दोन-तीन वेळा बारी आली नाही की ते मैदानाकडे फिरकत नाही.

आता बेसबॉलमध्ये काय होतं पाहा. नऊ फलंदाजांचा क्रम आधी ठरतो आणि तो गोल फिरत राहतो. नववा झाला की परत पहिला. बाद झालेला खेळाडूही पुढच्या फेरीत पुन्हा बॅट घेतो. गणित करून पाहू. लहान मुलांच्या सामन्यात ६ डाव, दर डावात ३ बाद, म्हणजे सगळे डाव खेळले तर १८ बाद. फलंदाज ९. म्हणजे एकही धाव झाली नाही तरी प्रत्येकाच्या हाती दोनदा बॅट येणारच. चांगला मारणारा जास्त वेळ बॅट अडवून ठेवू शकत नाही. एकदा मारलं की त्याला पळावंच लागतं आणि पुढचा येतो. आपल्या वऱ्हाडात पोरं म्हणतात तसं, "आता माही बारी." बेसबॉलमध्ये ही बारी नियमानेच येते, कुणाच्या मेहरबानीने नाही.

मोठ्या शहरांनी हे संघ कसे उभे केले?

अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलची आजची रचना एका लहान गावात सुरू झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टोट्झ यांनी १९३९ मध्ये लिटल लीग सुरू केली. संघ फक्त तीन. एकाला खर्च दिला दूध डेअरीने, दुसऱ्याला लाकडाच्या व्यापाऱ्यांनी, तिसऱ्याला खारी बिस्किटासारखा पदार्थ करणाऱ्या कंपनीने. ६ जून १९३९ ला पहिला सामना झाला आणि लाकूडवाल्यांच्या संघाने डेअरीवाल्यांच्या संघाला २३-८ असं हरवलं. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे व्यवस्था. मुलांच्या उंचीला शोभेल एवढं मैदान लहान केलं, गावातल्या दुकानदारांकडून मदत घेतली आणि शिकवायला गावातलीच मोठी माणसं उभी राहिली.

पण मोठ्या शहरात हे आपोआप होत नाही. जॉन यंग हे पूर्वी मोठ्या स्तरावर खेळलेले खेळाडू. नंतर ते देशभर फिरून नवे खेळाडू शोधायचं काम करत. लॉस एंजेलिससारख्या शहराच्या गरीब वस्त्यांमधून पूर्वी भरपूर कृष्णवर्णीय खेळाडू यायचे, ते कमी होत चालल्याचं त्यांच्या लक्षात आलं. वस्तीत चांगलं मैदान नाही, हातमोजे आणि बॅट महाग, संध्याकाळी रस्त्यावर टोळ्यांची भीती. खेळायची इच्छा असलेल्या मुलाला खेळायला जागाच राहिली नव्हती. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव थोडक्यात 'आरबीआय'. आपल्या रिझर्व्ह बँकेशी त्याचा काही संबंध नाही बरं का! 'शहरांच्या आतल्या वस्त्यांत बेसबॉलला पुन्हा जीव देणे' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत. आणि बेसबॉलमध्ये आपल्या फटक्यावर साथीदाराला धाव मिळवून दिली की त्यालाही आरबीआयच म्हणतात. पुढे हा कार्यक्रम तिथल्या व्यावसायिक बेसबॉल लीगने चालवायला घेतला आणि तो अनेक शहरांत पोहोचला. मुलींसाठी सॉफ्टबॉलही आलं. सीसी सबाथिया, जिमी रोलिन्स असे नामवंत खेळाडू यातून पुढे आले.

फिलाडेल्फिया शहरातलं उदाहरण मुलींच्या पालकांनी मुद्दाम वाचावं. मोने डेव्हिस ही तिथली मुलगी. शहराच्या दक्षिण भागातल्या एका सार्वजनिक क्रीडा केंद्रावर ती मुलांबरोबर खेळत मोठी झाली. २०१४ मध्ये, १३ वर्षांची असताना, लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत तिने पिचर म्हणून समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. त्या स्पर्धेत असं करणारी ती पहिली मुलगी. पण या स्पर्धेत मुलींना प्रवेशच १९७४ पासून मिळाला. त्याआधी १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन शहरात मारिया पेपे नावाची मुलगी तीन सामने खेळली आणि मुलगी आहे म्हणून तिला बाहेर काढलं गेलं. प्रकरण कायद्याच्या लढाईपर्यंत गेलं आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला. तोपर्यंत मारियाचं वय मात्र निघून गेलं होतं. दार उघडायला वर्षं लागली, पण ते उघडलं म्हणून ४० वर्षांनी मोने खेळू शकली.

मोठ्यांनी बिघडवलेला खेळ

सगळंच गोड नाही. २०१४ च्या त्याच स्पर्धेत शिकागो शहराच्या दक्षिण भागातला 'जॅकी रॉबिन्सन वेस्ट' हा कृष्णवर्णीय मुलांचा संघ अमेरिकेचा विजेता ठरला. नाव ज्यांच्यावरून ठेवलं ते जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडून मोठ्या लीगमध्ये खेळलेले खेळाडू. मुलांची शहरात मिरवणूक निघाली. वस्तीला केवढा अभिमान! पण प्रत्येक लीगने ठरलेल्या हद्दीतलीच मुलं घ्यायची असा नियम आहे. संघाच्या मोठ्या माणसांनी हद्दीबाहेरची मुलं घेतली आणि नकाशा बदलून दाखवला, असं चौकशीत ठरलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये विजेतेपद काढून घेतलं गेलं. मैदानावर मुलं खरंच खेळली होती, खरंच जिंकली होती. शिक्षा मात्र त्यांच्या वाट्याला आली.

आपल्याकडे वयोगटाच्या स्पर्धेत जन्मतारखेवरून होणारे वाद सगळ्यांनी पाहिले आहेत. १४ वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेला गडी उतरवायचा, आणि मग दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी मैदानातच भांडायचं. पोरं बाजूला उभी राहून ऐकत असतात. नियम कसा पाळायचा किंवा कसा वाकवायचा, हे ती तिथेच शिकतात.

महाराष्ट्रात काय आहे?

आपल्या राज्यात शालेय स्पर्धांची शिडी चांगली बांधलेली आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. आपल्या वाशीम जिल्ह्याचे सहा तालुके : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. जिल्ह्यातून निवडलेला संघ अमरावती विभागात जातो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, म्हणजे आपला भाग खेळाच्या बाबतीत मागासलेला अजिबात नाही. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलसाठी राज्याचे शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण हेही पालकांना माहीत असावं. ज्या खेळात संघ कमी, त्यात चुरस थोडी कमी, असं म्हणून काही जण या खेळांकडे वळतात. त्यात वाईट काही नाही.

पण शिडी कितीही चांगली असली तरी तिची पहिली पायरी जमिनीला टेकलेली पाहिजे. ती पायरी म्हणजे शाळेचं पटांगण. तिथे सगळी मुलं खेळली तर वर चढायला कोणी असेल.

हे काम आपल्या विदर्भातच एका क्रीडा शिक्षकाने करून दाखवलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यातून त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. पुढे ती संस्था 'स्लम सॉकर' म्हणून ओळखली गेली आणि २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ मधला 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कामावरून प्रेरित आहे. खेळ वेगळा, पण जॉन यंग आणि बारसे सरांनी केलं ते सारखंच. जी मुलं समोर होती, त्यांना घेऊन सुरुवात केली.

आपण घेण्यासारखे तीन नियम

१. प्रत्येकाला खेळवायचंच. लिटल लीगच्या नेहमीच्या सामन्यांत संघातल्या प्रत्येक मुलाला किमान एकदा फलंदाजी आणि समोरचे सहा जण बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालंच पाहिजे, असा लेखी नियम आहे. प्रशिक्षकाच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. आपण शाळेत, निदान वर्गा-वर्गाच्या सामन्यांत, हा नियम फळ्यावर लिहू शकतो.

२. लहान हाताला मर्यादा. चेंडू जोरात फेकून फेकून मुलांचे कोपर आणि खांदे दुखावतात. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. म्हणून लिटल लीगने २००७ पासून दिवसाला किती चेंडू टाकायचे याची मर्यादा घातली : ७-८ वर्षांच्या मुलाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५. एका दिवशी ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी तेरा वर्षांचं पोरगं सकाळपासून दिवे लागेपर्यंत टेनिस बॉलने गोलंदाजी करतं आणि रात्री "खांदा दुखतो" म्हणतं. आई तेल लावून देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालकांनो, एक वही ठेवा आणि षटकं मोजा. एवढंच पुरे.

३. मोठ्यांनी रेषेबाहेर राहायचं. सल्ला सरावात द्यायचा. सामन्यात आरडाओरडा नको, पंचांशी वाद नको.

बॅट नाही, मोजे नाहीत, तरी चालेल : बेसबॉल फाईव्ह

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. साहित्य कुठून आणायचं? हातमोजे, हेल्मेट, कॅचरचं संरक्षक साहित्य हा खर्च जिल्हा परिषद शाळेला पेलत नाही. समग्र शिक्षातून क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण त्यात सगळेच खेळ बसवायचे असतात.

यावर जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेने एक छान मार्ग काढला आहे. क्युबात मुलं गल्लीत 'चार कोपरे' नावाचा खेळ हातानेच खेळतात. त्यावरून 'बेसबॉल फाईव्ह' हा खेळ तयार झाला. २०२२ मध्ये त्याचा पहिला विश्वचषक मेक्सिको सिटीत झाला आणि क्युबाच जिंकला. २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकमध्येही त्याचा समावेश आहे. नियम असे :

- एका संघाचे ५ खेळाडू मैदानात. मुलं-मुली एकत्र, आणि दोघांपैकी प्रत्येकी किमान दोन मैदानात असलेच पाहिजेत.
- साहित्य एकच : टेनिसच्या चेंडूएवढा रबरी चेंडू. बॅट नाही, मोजे नाहीत.
- पिचर नसतो. फलंदाज चेंडू स्वतःच हातात घेऊन तळव्याने किंवा मुठीने मारतो.
- चेंडू मैदानात टप्पा पडलाच पाहिजे. थेट कुंपणाबाहेर मारला तर षटकार नाही, बाद! म्हणजे शेजाऱ्याच्या कौलांची काळजी नाही.
- रेषेबाहेर मारला किंवा हुकला तरी बाद. तीन बाद, पाच डाव.
- बेसमधलं अंतर १३ मीटर. पूर्ण मैदान २१ मीटर चौरस. शाळेचं पटांगण लहान असेल तर १० मीटरवर खेळवा, काही बिघडत नाही.

मैदान आखताना गणिताचा तास

मला हा भाग फार आवडतो. मैदान आपण आखून देऊ नका, पाचवी ते सातवीच्या मुलांना आखू द्या. दोरी, टेप आणि फक्की एवढंच लागतं.

होमचा खुंटा ठोका. समोर सरळ १८.४ मीटरवर दुसरा बेस. आता होमपासून १३ मीटरची एक दोरी आणि दुसऱ्या बेसपासून १३ मीटरची दुसरी दोरी ताणा. दोन्ही दोऱ्यांची टोकं उजवीकडे जिथे मिळतात तो पहिला बेस, डावीकडे मिळतात तो तिसरा. चौरस तयार! मुलांना विचारा : परिमिती किती? ५२ मीटर. क्षेत्रफळ? १६९ चौरस मीटर. १८.४ कुठून आलं? सातवीची मुलं पायथागोरसपर्यंत पोहोचतील. तिसरी-चौथीच्या मुलांना धावांच्या ताळ्याच्या खुणा करायला द्या.

दशांश अपूर्णांकासाठी तर हा खेळ वरदानच आहे. फलंदाजाची सरासरी काढायची तर यशस्वी फटके भागिले बारी. १० वेळा मारून ३ वेळा बेस मिळाला तर ०.३००. आणि गंमत म्हणजे मोठ्या बेसबॉलमध्ये ०.३०० हा चांगल्या फलंदाजाचा आकडा मानतात. म्हणजे नावाजलेला खेळाडूही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. गणितात एक उदाहरण चुकलं की रडणाऱ्या मुलाला हे फळ्यावर मांडून दाखवा.

४० मुलांच्या वर्गासाठी ५-५ चे ८ संघ करा. संघ निवडायला कप्तान देऊ नका, नाहीतर शेवटी उरणारी मुलं रोज तीच असतात. चिठ्ठ्या टाका, मुला-मुलींच्या वेगवेगळ्या, म्हणजे प्रत्येक संघात दोघंही येतील. पटांगणात दोन चौरस बसले तर २० मुलं एका वेळी खेळतील. उरलेल्यांतले काही पंच, काही गुणलेखक, काही चेंडू आणणारे. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. कामासाठी आई-बाबांबरोबर बाहेरगावी जाऊन मधेच परत आलेलं मूल असेल तर त्याचीही चिठ्ठी त्याच दिवशी टाका. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला वर्गात परत रुळवायला मैदान फार मदत करतं.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*"अभ्यासाचं काय?"* खेळाचा तास वेळापत्रकात आहेच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे खेळाच्या तासाला गणित घ्या असा आग्रह आम्हाला करू नका. (गणित तर मैदानातच होतंय!)

*"लागलं तर?"* रबरी चेंडूच्या खेळात धोका कमी आहे. मैदानातले दगड वेचणं आणि पायात बूट असणं महत्त्वाचं. खऱ्या बेसबॉलच्या कडक चेंडूने मात्र हेल्मेट आणि जाणकार प्रशिक्षकाशिवाय मुलांना खेळवू नका.

*"मुलगी सातवीत गेली, आता कशाला?"* हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. उलट याच वयात तिला मैदानाची गरज जास्त असते. बेसबॉल फाईव्हमध्ये मुलींशिवाय संघच होत नाही, त्यामुळे "ती नको, हा घ्या" हा विषयच उरत नाही. घरून फक्त एक करा : शाळा सुटल्यावर अर्धा तास उशीर झाला तर तिला रागावू नका.

*"यातून पुढे काय होणार?"* उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण. २००८ मध्ये वेगाने चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून ते निवडले गेले आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केलं. अशा गोष्टी हजारात एखादीच घडते, म्हणून त्या आशेवर मुलाला मैदानात पाठवू नका. तो रोज पळाला, हरल्यावर पुन्हा उभा राहिला, दुसऱ्याच्या बारीसाठी थांबायला शिकला, तर प्राथमिक शाळेतल्या खेळाचं काम झालं.

सुरुवात कशी करायची?

येत्या शनिवारी पटांगणातले दगड मुलांकडून वेचून घ्या. एक रबरी चेंडू आणा, १० मीटरचा चौरस आखा आणि वर्गाची हजेरी सोबत न्या. ज्याची बारी झाली त्याच्या नावापुढे खूण करा. तास संपताना एकही नाव कोरं राहिलं नाही, की पहिला सामना यशस्वी झाला असं समजा. कोण जिंकलं ते मुलं तुम्हाला न विचारताच सांगतील.